पंधरा मुलं, एक प्राचार्य आणि न संपणारी मॅच

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं लिखित रूप)



जेवणानंतरची वेळ माझ्या वाट्याला आली आहे आणि जेवणात बासुंदी होती. त्यामुळे कुणाचा डोळा लागला तर मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त मागच्या बाकांवरच्यांनी घोरू नये, ती सवय नववीतच सुटायला हवी होती.

आयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' असा विषय दिला होता. मी कामानिमित्त आठ वर्षं बॉस्टनजवळ राहिले. पण तिथला बर्फ, तिथली शिस्त आणि तिथे न मिळणारी कोथिंबीर या तिन्हींवर आतापर्यंत पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं आहे. मी एका मॅचबद्दल बोलणार आहे. ती आपल्या मेळाव्याच्या कामाची का आहे, ते ओघात येईलच.

मॅसॅच्युसेट्स हे आपल्या चार-पाच जिल्ह्यांएवढं राज्य. त्याच्या वायव्य कोपऱ्यात, डोंगरांच्या खोबणीत, विल्यम्सटाउन नावाचं गाव आहे आणि तिथे विल्यम्स कॉलेज. तिथून मोटारीने दोन तासांच्या आत अ‍ॅमर्स्ट हे दुसरं गाव, तिथे अ‍ॅमर्स्ट कॉलेज. दोन्हीकडे दोन-दोन हजारांच्या आसपास विद्यार्थी. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणचं कुठलंही कॉलेज यांच्यापेक्षा मोठं असेल. ही दोन कॉलेजं १८८४ पासून एकमेकांशी फुटबॉल खेळत आली आहेत, आणि त्यांच्या मॅचला लोक 'अमेरिकेतली सगळ्यात मोठी छोटी मॅच' म्हणतात.

फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे, हे आधी सांगते. लंबगोल चेंडू, तो हातात धरून पळायचं, आणि समोरच्याने तुम्हाला आडवं पाडायचं. पायाचा संबंध अधूनमधून. मला तो खेळ पहिली दोन वर्षं काही केल्या कळेना. मग एका सहकाऱ्याने सांगितलं की ही जमीन जिंकायची लढाई समज; चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. हा सहकारी अ‍ॅमर्स्टचा माजी विद्यार्थी. आमच्याच टीममधली एक बाई विल्यम्सची. एरवी दोघं एका कोडवर गुण्यागोविंदाने काम करायची, पण नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आला की जेवायला वेगवेगळ्या टेबलांवर बसायची. मला वाटलं, भांडण झालं. तसं भांडण खरंच झालं होतं, पण १८२१ साली.

ते भांडण मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इफ्रेम विल्यम्स नावाचा एक कर्नल १७५५ मध्ये लेक जॉर्जच्या लढाईत मारला गेला. मृत्युपत्रात त्याने पैसे ठेवले होते: आमच्या सरहद्दीवरच्या वस्तीत शाळा काढा, पण गावाला माझं नाव द्या. देणगीदार आणि नावाची पाटी यांचं नातं तिकडेही जुनंच आहे म्हणायचं. शाळा निघाली, १७९३ मध्ये तिचं कॉलेज झालं. पण गाव अगदी आडवळणाचं. हिवाळ्यात तिथे पोचणं म्हणजे दिव्य. विद्यार्थी कमी, पैसा कमी. शेवटी विश्वस्तांतच दोन तट पडले. एक म्हणे, कॉलेज इथून उचलून मध्यवर्ती ठिकाणी, नॉर्थॅम्प्टनला नेऊ. दुसरा म्हणे, कर्नलने याच मातीसाठी पैसे ठेवलेत. प्रकरण राज्याच्या विधिमंडळापर्यंत गेलं आणि १८२० मध्ये विधिमंडळाने स्थलांतराला नकार दिला.

तेव्हाचे प्राचार्य होते झेफनाया स्विफ्ट मूर. त्यांना या गावात कॉलेजचं भवितव्य दिसत नव्हतं. इकडे अ‍ॅमर्स्टच्या लोकांनी मात्र हातपाय हलवायला सुरुवात केली होती. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी पन्नास हजार डॉलरचा निधी उभारायचं त्यांनी ठरवलं होतं. गावकऱ्यांनी दगड, चुना, लाकूड आणून दिलं, स्वतः राबून पहिली इमारत उभी केली. शब्दकोशवाला नोआ वेबस्टर तेव्हा त्याच गावात राहत होता, तोही यात पुढे होता. आपल्या शाळेची जुनी इमारत श्रमदानातून कशी उभी राहिली, हे आपण दर पंधरा ऑगस्टला ऐकत मोठे झालो. त्यामुळे हा भाग वाचताना मला परकं काही वाटलंच नाही.

१८२१ मध्ये मूर विल्यम्स सोडून अ‍ॅमर्स्टचे पहिले प्राचार्य झाले. एकटे गेले नाहीत, त्यांच्याबरोबर पंधरा विद्यार्थीही गेले. अ‍ॅमर्स्ट उघडलं तेव्हा तिथे एकूण सत्तेचाळीस विद्यार्थी होते. म्हणजे जवळपास एक-तृतीयांश पट पळवून आणलेला. आमच्या धंद्यात याला 'फोर्क' म्हणतात: चालू प्रोजेक्टची प्रत घ्यायची, वेगळं नाव द्यायचं आणि नवी चूल मांडायची. मूळ प्रोजेक्टवाले मग वर्षानुवर्षं कुरकुरत राहतात. विल्यम्सवाले तर दोनशे वर्षं कुरकुरताहेत. त्यांच्यात अशीही दंतकथा आहे की मूर जाताना ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा घेऊन गेले. याला पुरावा काहीही नाही. पण आमच्या त्या विल्यम्सच्या बाईला तसं सांगून बघा! 'पुस्तकं परत करा' ही थट्टा तिकडे अजून चालते.

आता माझ्या मुद्द्याकडे येते. प्राचार्य गेले, त्यांच्यामागे मुलं गेली, आता कॉलेज बंद पडणार, असं विल्यम्समध्ये सगळ्यांना वाटू लागलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, पदवीदान समारंभाला आलेले जुने विद्यार्थी एकत्र बसले आणि त्यांनी एक मंडळ स्थापन केलं. माजी विद्यार्थ्यांचं मंडळ. आज अस्तित्वात असलेल्या अशा मंडळांत जगातलं सगळ्यात जुनं म्हणून ते ओळखलं जातं.

म्हणजे आपण आज इथे रंगीत फेटे बांधून, बॅचप्रमाणे फोटो काढून जे करतो आहोत, त्या प्रकाराचं मूळ शोधत गेलं तर ते सहभोजनात किंवा आठवणींत सापडत नाही. आपली शाळा मरते आहे, या धास्तीत ते सापडतं. मला हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नव्हतं.

विल्यम्स मेलं नाही. मूर यांच्यानंतर आलेल्या एडवर्ड ग्रिफिन यांनी पैसा उभा केला, नवी इमारत बांधली, कॉलेज सावरलं. अ‍ॅमर्स्टही टिकलं; मात्र त्याला सनद मिळायला १८२५ उजाडलं आणि विल्यम्सच्या बाजूने त्याला विरोधही झाला. मूर बिचारे १८२३ मध्येच गेले. आपण लावलेली काडी किती काळ धुमसणार आहे, हे बघायला ते राहिले नाहीत.

मग पुढची पिढी आली आणि भांडण मैदानावर उतरलं. त्याची सुरुवात फुटबॉलने झाली नाही, बेसबॉलने झाली. १ जुलै १८५९ रोजी, पिट्सफील्ड या गावी दोन्ही कॉलेजं भिडली. कॉलेजांमधली बेसबॉलची ही पहिली मॅच मानली जाते. एकेका बाजूला तेरा-तेरा खेळाडू. अ‍ॅमर्स्टने ७३-३२ असा धुव्वा उडवला. लगेच कुजबुज सुरू झाली, की अ‍ॅमर्स्टचा चेंडू टाकणारा गडी विद्यार्थी नाहीच, गावचा लोहार आहे, भाड्याने आणलेला! ही कुजबुज वाचली आणि मला एकदम आपलं आंतरशालेय खो-खोचं मैदान आठवलं. 'त्यांची ती उंच मुलगी दहावीची नाहीच, तिचं लग्न ठरलंय' ही बातमी आपण दर वर्षी कुठून आणायचो, देव जाणे. दुसऱ्या दिवशी त्याच दोन कॉलेजांची बुद्धिबळाची लढत झाली, तीही अ‍ॅमर्स्टने जिंकली. बुद्धिबळाला लोहार आणला होता, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

फुटबॉलची पहिली मॅच १८८४ ची, ती विल्यम्सने १५-२ अशी जिंकली. तेव्हाचे गुण मोजायचे नियम आजच्यासारखे नव्हते, त्यामुळे तो आकडा विचित्र दिसतो. पुढचा सगळा इतिहास सांगत बसत नाही. तो ज्यांना पाठ आहे अशी माणसं तिकडे ढिगाने आहेत. दोनच वर्षं सांगते. १९९५ मध्ये दोघांनी जीव तोडून खेळून गुण केले ०-०. पुढच्या वर्षापासून बरोबरी सुटेपर्यंत जादा डाव खेळायचा नियम कॉलेज फुटबॉलमध्ये आला, त्यामुळे तसा निकाल आता लागणारच नाही. आणि दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, निकाल होता ४८-४६, विल्यम्सच्या बाजूने, तोही शेवटच्या काही सेकंदांत मारलेल्या किकवर. माझा अ‍ॅमर्स्टवाला सहकारी या दुसऱ्या मॅचबद्दल बोलत नाही. पहिलीबद्दल मात्र तासभर बोलतो.

या मुलांना यातून मिळतं काय? खेळासाठी शिष्यवृत्ती दोन्हीकडे नाही. पुढे जाऊन व्यावसायिक खेळाडू होणारा एखादाच. मी तिथे होते तेव्हा त्यांच्या विभागीय संघटनेने फुटबॉलचे संघ राष्ट्रीय बाद-फेरीला पाठवायचेच नाहीत, असा दंडक ठेवला होता. म्हणजे हंगामातली शेवटची मॅच ती हीच. त्यापुढे काही नाही. जिंकलात तर हिवाळाभर ऊब, हरलात तर सोमवारी सकाळी वर्गात जाऊन बसायचं. आणि तरीही २००७ मध्ये, जी टीव्ही वाहिनी एरवी लाखभर प्रेक्षकांच्या मैदानांवर जाते, तिचा कार्यक्रम खास या मॅचसाठी विल्यम्सटाउनला आला. त्या दिवशी विल्यम्स २०-० जिंकलं.

मी एकदा विल्यम्सटाउनला जाऊन ही मॅच पाहिली. मैदान म्हणजे आपल्या तालुका क्रीडासंकुलापेक्षा थोडं बरं, एवढंच. मागे डोंगर, पानं झडलेली. थंडी अशी की कानाच्या पाळ्या आपल्याच आहेत का, ते चाचपून बघावं. लोक गाड्यांच्या डिक्या उघडून खाणंपिणं मांडून बसले होते. माझ्या शेजारी ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ थर्मास घेऊन बसले होते. त्यांनी मला विचारलं, तुम्ही कुठल्या वर्षाच्या? मी म्हटलं, मी कुठल्याच वर्षाची नाही, मी भारतातली आहे. त्यावर त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, हरकत नाही, फक्त अ‍ॅमर्स्टच्या नसलात की झालं. आणि मला कपभर सूप दिलं.

विल्यम्सची एक प्रथा आहे, १९७१ पासूनची. घरच्या मैदानावर ही मोठी मॅच जिंकली की सगळा संघ घामाघूम अवस्थेत, अंगातली चिलखतं न उतरवता, गाणी म्हणत स्प्रिंग स्ट्रीटवरून चालत जातो, थेट न्हाव्याच्या दुकानात. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांच्या डोक्यावर वेडेवाकडे केस कापले जातात. गावातली सगळी माणसं दुतर्फा उभी. हे वाचून माहीत होतं, पण त्या दिवशी विल्यम्स हरलं, त्यामुळे न्हाव्याचं दुकान मला बाहेरूनच पाहावं लागलं.

एक गोष्ट नोंदवायलाच हवी. या दोन्ही कॉलेजांत मुलींना प्रवेश मिळाला तो १९७० च्या दशकात. म्हणजे तोपर्यंत हे भांडण, ही मॅच, या दंतकथा सगळ्या पुरुषांच्या. बायका होत्या त्या टाळ्या वाजवायला. आपल्या शाळेत आम्ही मुली १९९० च्या दशकात खो-खो खेळत होतो, आणि मुलांचा संघ पहिल्या फेरीत गारद होऊन आमच्या मॅचला पाण्याच्या बादल्या उचलायला यायचा. हा फरक मी त्या सूपवाल्या आजोबांना सांगितला. ते म्हणाले, तुमची शाळा पुढारलेली दिसते. मी म्हटलं, हो, बादल्यांच्या बाबतीत नक्कीच.

आणि परंपरा म्हटली की ती जशीच्या तशी जपायची, असंही तिकडे झालेलं नाही. अ‍ॅमर्स्टच्या संघाचं लाडकं नाव होतं 'लॉर्ड जेफ', जेफरी अ‍ॅमर्स्ट या ब्रिटिश सेनापतीवरून. १७६३ मधल्या पत्रांत याच माणसाने मूळ रहिवाशांमध्ये देवीच्या साथीची घोंगडी पसरवण्याची कल्पना उचलून धरली होती. गावाला त्याचं नाव, संघाला त्याचं नाव, आणि गाण्यांत त्याचे पोवाडे. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी हा विषय लावून धरला, २०१६ च्या जानेवारीत विश्वस्तांनी ते चिन्ह काढून टाकलं आणि २०१७ पासून त्यांचा संघ झाला 'मॅमथ', तिथल्या संग्रहालयातल्या सांगाड्यावरून. काही जुने विद्यार्थी फार चिडले. माझ्या सहकाऱ्याला मी विचारलं, तर तो म्हणाला, मॅचचा दिवस तोच आहे ना, मग झालं. मला तो बरोबर वाटतो. विल्यम्सच्या मुलांना इफ्रेमवरून 'इफ' म्हणतात आणि त्यांचं चिन्ह आहे जांभळी गाय. गाईवर मात्र अजून कुणी आक्षेप घेतलेला नाही.

इथे एक अवांतर. जिथून ही सगळी कथा सुरू होते त्या विल्यम्सचा आणि आपल्या मराठी मुलखाचा फार जुना संबंध आहे. १८०६ मध्ये तिथले पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि परदेशी मिशन काढायचं त्यांनी तिथे ठरवलं. त्याच कॉलेजातून १८०८ मध्ये बाहेर पडलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला, मराठी शिकला, शाळा काढल्या आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारला. त्या अमेरिकन मराठी मिशनचं काम पुढे नगरला वाढलं. नगरची मिस फरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती, आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी काय केलं ते आपल्याला बाईंनी पाचवीतच शिकवलं आहे. धर्मप्रचाराच्या हेतूबद्दल ज्याचं त्याने मत बनवावं. मला त्या बर्फाळ डोंगरात उभं राहून एवढंच वाटलं, की जिथून ही माणसं निघाली ते कॉलेज तेरा वर्षांनी बंद पडायच्या बेतात होतं.

आणि अजून एक, मेळाव्याशी अगदी थेट संबंध असलेलं. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड हे विल्यम्सचे, १८५६ च्या बॅचचे. २ जुलै १८८१ ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या वेळी ते आपल्या जुन्या कॉलेजच्या समारंभाला निघाले होते. पंचविसावं वर्ष होतं. आपल्याकडे 'सुटी मिळाली नाही' म्हणून न आलेल्या वर्गमित्रांना हे कळवावं, अशी माझी सूचना आहे. अ‍ॅमर्स्टनेही पुढे एक अध्यक्ष दिला, १८९५ च्या बॅचचे कॅल्विन कूलिज. ते फार कमी बोलायचे, म्हणून मला ते आवडतात; आणि मीही आता आवरतं घेते.

आवरतं घेताना आपल्याबद्दल बोलते.

आपली आणि नदीपलीकडच्या शाळेची खो-खोची मॅच केव्हा सुरू झाली, ते कुणालाच सांगता येत नाही. मी सातवीत संघात आले तेव्हा ती जुनीच होती. नववीत आम्ही एका गुणाने हरलो, दहावीत एका गुणाने जिंकलो, आणि दोन्ही वेळा पीटीच्या सरांनी आम्हाला तोच एक पेरू चौघींत दिला. त्या शाळेतल्या मुलींची नावं मला आजही पाठ आहेत. माझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गातल्या अर्ध्या मुलींची नाहीत.

काल मी मुख्याध्यापकांना विचारलं, मॅच कधी असते हल्ली? ते म्हणाले, सहा वर्षं झाली, बंद आहे. त्यांच्याकडे बारा मुली जमत नाहीत. आपल्याकडे जमतात, पण आठवी, नववी आणि दहावी मिळून. आपल्या वेळी आठवीच्याच चार तुकड्या होत्या, आता एक आहे. पलीकडच्या शाळेचे वरचे वर्ग पुढच्या जूनपासून दुसरीकडे जोडायचं चाललंय. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं आपण ज्यांना हरवायला बघत होतो, ते हरले. पण पलीकडे कुणी नसेल तर आपण सूर मारायचा तो कुणासाठी? आणि त्यांच्यानंतर नंबर कुणाचा, हे गणित मांडायला इंजिनिअर लागत नाही.

तर मी काय केलं ते सांगते. त्यांच्या १९९६ च्या संघातल्या चौघींचे फोन नंबर मी दोन दिवसांत मिळवले. एक पुण्यात बँकेत आहे, एक इथेच दवाखाना चालवते, दोघी शिक्षिका आहेत. ती उंच मुलगीही सापडली. तिचं लग्न दहावीत नव्हे, एम.एस्सी.नंतर झालं. त्या चौघी येत्या जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी खेळायला तयार आहेत. आधी आजी विद्यार्थिनींची मॅच, दोन्ही शाळांच्या मुली मिसळून दोन संघ करून. मग आपली, माजी मुलींची. नऊ मिनिटांचा डाव आपल्याला झेपणार नाही, पाच मिनिटांचा करू. गुडघ्यांचे पट्टे ज्याचे त्याने आणायचे.

आणि मॅचनंतर, घाम पुसून झाल्यावर, दोन्ही शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी त्याच मैदानात अर्धा तास बसायचं आहे. शाळेची बस, आठवीची दुसरी तुकडी आणि पलीकडच्या मुलांचं जूननंतर काय, हे तीन विषय. आपल्या मंडळाची नोंदणी अजून झालेली नाही, त्याचे कागद मी बरोबर आणले आहेत. सह्यांसाठी ते चहाच्या टेबलावर ठेवले आहेत, त्यावर कप ठेवू नका.

मैदानावरचे दोन्ही खांब कुजले आहेत, मी सकाळी जाऊन पाहिलं. एक खांब माझ्याकडून. दुसरा तुम्ही द्या, असा निरोप मी पलीकडे पाठवला होता. त्यांचं उत्तर आत्ता जेवताना आलं: 'खांब देतो. पण तुमचा आधी सरळ रोवा, १९९६ मध्येही तो वाकडाच होता.'